कथा सर्वांची, गीत कोणाचे?

रामकथेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. एकनाथांनी ती भावार्थ रामायणात मराठीत आणली, मोरोपंतांच्या नावावर तर अष्टोत्तरशत रामायणे प्रसिद्ध आहेत आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथी चित्रे व चामडी बाहुल्या यांच्या साहाय्याने ती सांगत आले आहेत. यांपैकी कोणासही कोणाची परवानगी मागावी लागली नाही. हीच कथा घेऊन नीना पेली या अमेरिकन व्यंगचित्रकार महिलेने ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा सचेतपट निर्माण केला, तेव्हा मात्र परवानगीच्या प्रश्नापायी त्यांना कर्ज काढावे लागले. अडचण रामायणाची नव्हती. ती जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरील गाण्यांची होती.

2002 मध्ये पतीच्या नोकरीनिमित्त पेली तिरुअनंतपुरम येथे राहावयास आल्या. तेथे त्यांचा रामायणाशी परिचय झाला. पुढे त्या कामासाठी न्यूयॉर्कला गेल्या असता, विवाह संपुष्टात आल्याचे पतीने त्यांना ई-मेलने कळविले. स्वतःचे दुःख आणि सीतेचा परित्याग यांची सांगड त्यांनी घातली. ॲनेट हॅनशॉ या गायिकेने 1920 च्या दशकात गाइलेली विरहगीते त्यांनी सीतेच्या मुखी दिली. अनेक वर्षे खपून, बहुतांश काम घरच्या संगणकावर एकट्याने करून त्यांनी 82 मिनिटांचा हा चित्रपट पूर्ण केला. 2008 मध्ये तो बर्लिन महोत्सवात दाखविला गेला आणि त्याच वर्षी फ्रान्समधील आनसी येथील सचेतपट महोत्सवात त्यास सर्वोच्च पुरस्कार लाभला. चित्रपटात छायाबाहुल्यांच्या रूपाने तीन भारतीय निवेदक रामकथेतील तपशिलांबद्दल आपापसांत जी चर्चा करतात, ती आपल्याकडील कोणत्याही ओसरीवर ऐकू यावी अशी आहे.

परंतु हा चित्रपट विकता येईना. ध्वनिमुद्रणांना त्या वेळी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण नव्हते; गीतांचे शब्द आणि चाल यांना मात्र होते. 1998 च्या दुरुस्तीने त्या काळातील रचनांच्या हक्काची मुदत प्रकाशनापासून 95 वर्षे झाली होती. हक्कधारक कंपन्यांची मागणी प्रारंभी सुमारे 2 लाख 20 हजार डॉलर एवढी होती. वाटाघाटींनंतर ती सुमारे 50 हजारांवर आली, आणि पेली यांनी कर्ज काढून ती भागविली. तरीही करार असा की, डीव्हीडीच्या 4,999 प्रतीच काढणे त्यांना परवडले. गीतकार आणि गायिका केव्हाच कालवश झालेल्या असताना हा भार एका एकाकी कलावतीवर पडावा, हे कायद्याच्या हेतूशी कितपत सुसंगत आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. 1929 मध्ये प्रकाशित झालेल्या अमेरिकन गीतांचे हक्क 1 जानेवारी 2025 रोजी संपले.

मार्च 2009 मध्ये पेली यांनी वेगळाच मार्ग पत्करला. आपला चित्रपट त्यांनी मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था 2001 मध्ये स्थापन झाली व 2002 च्या अखेरीस तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. त्यांचे सूत्र सोपे आहे: हक्क निर्मात्याकडेच राहतो, पण कोणत्या अटींवर इतरांनी कृतीचा वापर करावा, हे तो आधीच लिहून ठेवतो. श्रेय द्यावे, ही मूळ अट. त्याखेरीज व्यापारी वापर करू नये, बदल करू नये, किंवा बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी, अशा अटी जोडता येतात. पेली यांनी श्रेय आणि समान परवाना एवढ्याच अटी ठेवल्या. 2013 मध्ये त्याही काढून टाकल्या. लोकांनी प्रती काढाव्यात, दाखवाव्यात, तुकडे घेऊन नवे काही, म्हणजे ज्यास रीमिक्स म्हणतात ते, करावे, याला आता मोकळीक आहे. त्यांना उत्पन्न मिळाले ते देणग्या आणि वस्तूंच्या विक्रीतून. चित्रपटाच्या आशयास काही संघटनांनी आक्षेप घेतला होता. तेव्हा विद्यार्थ्यांस दाखविण्यापूर्वी शिक्षकांनी तो स्वतः पाहणे इष्ट. लहान मुलांसाठी ‘बिग बक बनी’ (2008) हा सुमारे दहा मिनिटांचा संवादविरहित सचेतपट अधिक सोयीचा आहे. तोही मुक्त परवान्याखाली असून त्याच्या निर्मितीच्या मूळ संगणकीय फाइलीही उपलब्ध आहेत.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट अधिनियम लागू आहे. साहित्य व संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, तर चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये निवर्तले. म्हणून ‘गीतरामायणा’च्या शब्दांवरील हक्क 2037 च्या अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके यांचे निधन 2002 मधील, तेव्हा चालींवरील हक्क 2062 पर्यंत. कथा सर्वांची असली तरी गीत अद्याप सर्वांचे झालेले नाही. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी ते गाण्यास कलम 52 अन्वये मुभा आहे. शाळेत विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता चित्रपट दाखविण्यासही आहे. गावाच्या चौकात सर्वांसाठी चित्रपट लावला की ही सवलत लागू होत नाही. शिवाय सार्वजनिक प्रदर्शनास चित्रपट प्रमाणपत्र लागते. परवाना मुक्त असला तरी ही आवश्यकता सुटत नाही.

जलसंधारण किंवा स्वच्छता यांवर ग्रामपंचायती अलीकडे लहान चित्रफिती करवून घेतात आणि पार्श्वभूमीस एखादे लोकप्रिय चित्रपटगीत जोडून मोकळ्या होतात. तेथेच पेली यांची अडचण नव्याने उभी राहते. मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाचा प्रथम हक्क, वेगळा करार नसल्यास, तो करवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे शेजारच्या गावांनी चित्रफीत वापरावी, असे ठरविणे पंचायतीच्या हाती आहे. पण आतील गाण्याची परवानगी ती देऊ शकत नाही. गावातील भजनी मंडळाने पारंपरिक चालीवर म्हटलेला अभंग, मंडळाच्या लेखी संमतीने घेतला, तर ही अडचण राहत नाही. मग चित्रफितीच्या अखेरीस निर्मात्याचे नाव, वर्ष, गाणाऱ्यांची नावे आणि परवान्याचे पूर्ण नाव, एवढे एका पाटीवर लिहावयाचे असते.