खिसा बंद, डोळे उघडे

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. वाशीमजवळच्या आमच्या शेतातील सोयाबीन शेंगा भरण्यापूर्वीच वाळून गेले. घरात पैशाचा विषय निघाला की आई-बाबांचे बोलणे हळू होई, आणि आम्ही भावंडे उगाचच पुस्तकात डोके घालीत असू. अशा दिवसांत गिरगावात राहणाऱ्या मामांचे बोलावणे आले, "उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना मुंबईस पाठवा."

बाबा म्हणाले, "मुंबई म्हणजे पावलोपावली पैसा! मुले पाहतील ते मागतील. तुमच्यावर भार कशाला?"

मामा हसून म्हणाले, "दाजी, राहायला घर आहे, जेवायला तुमच्या मेहुणीसारखी सुगरण मामी आहे. आणि मुंबई पाहायला पैसा लागत नाही, पाय लागतात."

आगगाडीने आम्ही अकोल्यास गेलो आणि तेथून मुंबईस. ज्या स्थानकात उतरलो, तेच आमचे पहिले प्रेक्षणीय स्थळ ठरले. १८८८ साली पूर्ण झालेली ती इमारत पाहण्यासाठी परदेशचे प्रवासी येतात, असे मामांनी सांगितले. तिच्या दगडांत कोरलेली पाने, पक्षी आणि प्राणी पाहता पाहता आमच्या माना दुखून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दहा रुपयांची एक नोट माझ्या हाती दिली. "ही अडीअडचणीसाठी. पण अट अशी की, ती संध्याकाळी न मोडता परत आली पाहिजे. खिसा बंद, डोळे उघडे!"

गिरगाव चौपाटीवरून आम्ही मलबार टेकडी चढलो. वर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. झुडपे कातरून केलेले हत्तीघोडे पाहून आम्ही दंग झालो. समोरच्या कमला नेहरू उद्यानात दगडविटांचा प्रचंड 'म्हातारीचा बूट' आहे. त्याचे तर विचारूच नका. पण मला सर्वांत अधिक आठवते ते निराळेच. हिरवळीवर बसलो असता मामांनी विचारले, "तुमच्या खाली काय आहे, सांगा पाहू?"

"माती," मी म्हणालो.

"मातीच्या खाली?"

आम्हांला सांगता येईना. तेव्हा मामा म्हणाले, "पाणी! या बागेखाली मोठा जलाशय आहे. दूरच्या धरणांतून आलेले पाणी येथे साठते आणि दक्षिण मुंबईच्या घराघरांतील नळांना जाते. त्या जलाशयाच्या छतावर १८८१ च्या सुमारास ही बाग केली."

माझी धाकटी बहीण तत्काळ पालथी पडली आणि तिने हिरवळीला कान लावला. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. तिला पाणी ऐकायचे होते.

पुढचे दिवसही असेच गेले. समुद्र अगदी जवळ असूनही गोड पाणी असलेले वाळकेश्वराचे बाणगंगा तळे पाहिले. एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या रुंद पायऱ्यांवर बसून मामींनी दिलेल्या दशम्या खाल्ल्या. गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखाली उभे राहून मामांनी तिचा इतिहास सांगितला. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ साली येथे उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ साली पुरी झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची अखेरची पलटण याच कमानीतून बोटीवर चढून मायदेशी निघून गेली. ज्यांनी दार बांधले, तेच त्या दाराने बाहेर पडले! मामा हे सांगत असता भोवती चारसहा अनोळखी मुले कधी जमली, ते आम्हांला कळलेही नाही.

निघताना मी ती नोट मामांच्या हाती ठेवली. ते म्हणाले, "आता दिवाळीत आम्ही वाशीमला येऊ. तू आम्हांला तुझे गाव दाखव. अट तीच."

गाडीत मला आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटू लागली. वाशीममध्ये समुद्र नाही, गेटवे नाही. मामेभावंडांना दाखवायचे तरी काय?

शाळा सुरू होताच मी इतिहासाच्या गुरुजींना गाठले. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, "अरे, तू रोज एका राजधानीतून चालत शाळेत येतोस!" आणि मग कित्येक दिवस मधल्या सुट्टीत ते सांगत गेले व मी वहीत टिपत गेलो.

दिवाळीत मामा सहकुटुंब आले. पहाटेच्या गार वाऱ्यात मी सर्वांना पद्मतीर्थावर नेले. काठावर उभा राहून, छाती धडधडत असतानाच, मी बोलू लागलो. "या गावाचे जुने नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपामुळे येथे देवांचा मेळा जमला, म्हणून हे नाव पडले, अशी कथा आहे. चौथ्या शतकात सर्वसेन या वाकाटक राजाने येथे राजधानी केली. तो स्वतः कवी होता. त्याच्या 'हरिविजय' या प्राकृत काव्यातील थोडेच श्लोक आज इतर ग्रंथांतून सापडतात. त्याच्याच घराण्यातील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कित्येक सुंदर लेणी कोरली गेली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. राजशेखर नावाच्या पंडिताने तर लिहिले आहे की, काव्यपुरुषाचे लग्न साहित्यविद्येशी लागले, ते याच गावात!"

"म्हणजे कवितेचे सासर-माहेर वाशीमलाच!" मामी म्हणाल्या.

तेथून आम्ही बालाजीच्या मंदिरात गेलो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी ते बांधविले. तेथपर्यंत सर्व ठीक चालले होते, पण बाहेर येताच माझी धाकटी मामेबहीण म्हणाली, "दादा, तळे पाहिले, मंदिर पाहिले. आता राजवाडा दाखव ना!"

हाच प्रश्न येईल, ही भीती मला जूनपासून होती. सर्वसेनाचा वाडा आज उभा नाही. क्षणभर मला काही सुचेना. मग एकाएकी मलबार टेकडी आठवली.

मी म्हणालो, "तुमच्या बागेखालचे पाणी तू कधी पाहिलेस का?"

"नाही."

"मग ते आहे हे तुला कशावरून कळते?"

"नळाला येते ना!"

"तसेच हे. वाडा दिसत नाही. पण १९३९ साली याच गावात तांब्याचे चार पत्रे उजेडात आले. राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून एक गाव दान दिले, असे त्यांवर कोरले आहे. काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात. हा आमचा नळ!"

मामा मोठ्याने हसले. मामेबहीण मात्र गंभीरपणे खाली बसली आणि तिने रस्त्याच्या कडेला मातीवर कान टेकला. माझी बहीण लगेच तिच्याशेजारी बसली. बाजारास निघालेल्या दोन बायका थबकल्या व "काय हरवलं गं पोरींनो?" म्हणून विचारू लागल्या.

संध्याकाळी मामांनी हात पुढे केला. "नोट?"

मी मामेबहिणीकडे पाहिले. ती तिच्यापाशी होती. तिने पाठीमागे लपविलेला हात हळूच पुढे केला. त्यात एक मोठे, उकलू लागलेले सीताफळ होते.