थंडीत रात्रीच्या नावेवर जाताना

डिसेंबर-जानेवारीत सातपाटी, मुरबे, दांडीच्या किनाऱ्यावर पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. पण ओल्या अंगाला थंडी बाधायला शून्य अंश लागत नाही. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. त्यात रात्रीचा वारा आणि बर्फातलं काम. म्हणून सगळी धडपड कोरडं राहण्यासाठी.

सोबत घ्या : लोकरीचा स्वेटर, कानटोपी, रेनकोट, गमबूट, रबरी हातमोजे व आत घालायचे लोकरीचे मोजे, कोरड्या कपड्यांचा एक जोड, चादर, थर्मासमध्ये गोड चहा, लाइफ जॅकेट.

कृती

1. बदलायचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा.

2. आत स्वेटर, वर रेनकोट आणि सगळ्यात वर लाइफ जॅकेट घाला. सुती बनियन भिजलं की अंगाला चिकटून गारठवतं.

3. निघण्यापूर्वी पोटभर जेवा. दारू नको. तिने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर जाते.

4. बर्फ फावड्याने भरा, हाताने नको. बधिर बोटाला सुरी किंवा शिंगाळ्याचा काटा लागलेला कळत नाही. बर्फाच्या कामावर खलाशी आळीपाळीने लावा.

5. भिजलात तर बंदराची वाट न पाहता लगेच कपडे बदला.

6. बंद केबिनमध्ये शेगडी पेटवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

7. तांडेलाने एकेकाशी बोलत राहावं. थरथर, अडखळती जीभ, हातातून वस्तू निसटणं ही धोक्याची खूण. कपडे ओलेच असताना थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला, तर तो बरा झालेला नाही, जास्त बिघडला आहे.

8. अशा माणसाला वाऱ्याआड आडवं करा, ओले कपडे काढा, छाती-मान-डोकं चादरीत गुंडाळा. शुद्धीत असेल तरच चहा द्या. हातपाय चोळू नका, आगीजवळ शेकू नका.

9. समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, किनाऱ्यावर रुग्णवाहिकेसाठी 108.

गारठलेला माणूस स्वतःहून तक्रार करत नाही. त्याच्याकडे लक्ष ठेवणं हे सोबतच्या खलाशांचंच काम आहे.