पिना निराळ्या, भाषा एक

पूर्वी विलायतेस जाणारा मनुष्य मुंबईच्या बंदरात आगबोटीवर चढला, की त्याच्या पहिल्या पत्रासाठी घरच्या माणसांना कित्येक आठवडे डोळे लावून बसावे लागे. १८७० साली समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. तेव्हापासून निरोप लवकर पोहोचू लागला खरा. परंतु तारेतील शब्दाशब्दाला दाम मोजावा लागत असल्यामुळे निकडीच्या प्रसंगीच ती केली जाई. आज प्रवासी आपला लॅपटॉप पिशवीत घालून निघतो आणि हजारो मैलांवरच्या खोलीत बसून आपल्या माणसांशी समोरासमोर बोलतो. हे सुख सहज मिळते असे वाटते; पण त्यासाठी थोडी समज आणि थोडी पूर्वतयारी लागते.

पहिली अडचण येते ती विजेची. आपल्याकडील प्लगला गोल पिना असतात. ब्रिटनमध्ये तीन जाड, आयताकृती पिना लागतात, तर अमेरिकेत व जपानमध्ये दोन चपट्या पिना. विजेचा दाबही सर्वत्र सारखा नाही. भारतात व ब्रिटनमध्ये तो २३० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये केवळ १०० व्होल्ट असतो. जपानची गंमत तर अशी, की त्या एकाच देशात विजेच्या दोन तऱ्हा आहेत. तेथील प्रवाह एका सेकंदात तोक्योकडे ५० आवर्तने करतो आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने आपली जनित्रे जर्मनीहून आणली आणि ओसाकाने अमेरिकेहून. त्या वेळी पडलेला भेद अजूनही मिटलेला नाही.

मग आपला लॅपटॉप तेथे चालणार कसा? त्याच्या चार्जरवर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. बहुतेक चार्जरांवर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ’ अशा अर्थाचा मजकूर असतो. याचा अर्थ असा, की जगातील कोणत्याही देशाची वीज तो पचवू शकतो. अडचण उरते ती फक्त पिनांच्या आकाराची, आणि ती एका लहानशा अ‍ॅडाप्टरने दूर होते. मात्र अ‍ॅडाप्टर केवळ पिना बदलतो, विजेचा दाब बदलत नाही, हे विसरू नये. म्हणूनच केवळ आपल्या देशाच्या विजेसाठी बनवलेली इस्त्री अमेरिकेत नेली, तर ती पुरेशी तापणार नाही.

विजेच्या बाबतीत जगाचे एकमत झाले नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र ते झाले. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या संगणकजाळ्यांना परस्परांशी बोलता यावे, यासाठी समान नियमांचा आराखडा प्रसिद्ध केला. मोठ्या निरोपाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा, ते तुकडे मिळेल त्या वाटेने पाठवावेत, मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा जुळवावेत आणि एखादा हरवलाच तर तो पुन्हा मागवावा, असे त्या नियमांचे सार आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्याने ते नियम अंगीकारले आणि पुढे सर्व जगाने ते मान्य केले. वायफायच्या लहरींसंबंधीचे समान नियमही १९९७ साली ठरले. म्हणूनच पुण्यात घेतलेल्या लॅपटॉपला पॅरिसमधील वायफाय परके वाटत नाही.

या लहरी मात्र खोलीपुरत्याच असतात. पुढचा प्रवास समुद्रातून होतो. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या तारा समुद्रतळावरून देशोदेशी गेल्या आहेत. त्यांतून प्रकाशाच्या रूपाने निरोप धावतात. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर अशा अनेक तारा जमिनीवर येतात. जी मुंबई एके काळी तारेने लंडनशी जोडली गेली, तीच आज या नव्या तारांचेही मोठे द्वार झाली आहे.

परदेशी पोहोचल्यावर इंटरनेटशी जोडून घेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. हॉटेल, विमानतळ किंवा ग्रंथालय येथील वायफाय हा पहिला. येथे नवखा प्रवासी पुष्कळदा गोंधळतो. वायफायची खूण दिसते, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजू नये. अनेक ठिकाणी प्रथम स्वागताचे पान यावे लागते. त्यावर खोलीचा क्रमांक व आडनाव लिहिले, किंवा तेथील नियम मान्य केले, म्हणजेच दार उघडते.

दुसरा मार्ग मोबाइल फोनचा. फोनवरचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते. परंतु भारतातील सिमकार्ड परदेशात वापरताना रोमिंगचे शुल्क पडते. ते किती, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, किंवा त्या देशाचे सिमकार्ड घ्यावे. युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांमधील रोमिंगचे जादा शुल्क १५ जून २०१७ पासून रद्द केले. त्यामुळे तेथील एका देशात घेतलेले सिमकार्ड दुसऱ्या सदस्य देशात प्रवास करतानाही उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लॅपटॉप आपल्या नकळत मोठमोठी अद्यतने उतरवून घेतो आणि मोजून मिळालेला डेटा पाहता पाहता संपवतो. म्हणून हे काम तात्पुरते थांबवण्याची सूचना त्याला आधीच द्यावी. आपले भारतातील सिमकार्डही जपून ठेवावे. कारण बँक आपला गुप्त संकेतांक त्याच क्रमांकावर पाठवते.

जो रस्ता सर्वांना खुला असतो, त्यावर साधूही चालतो आणि भामटाही. आपल्या उपकरणाला हॉटेलचे नाव देऊन एखादा ठक प्रवाशांना फसवू शकतो. म्हणून वायफायचे खरे नाव तेथील कर्मचाऱ्यास विचारून घ्यावे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असतील, तर मधल्या माणसाला आपला मजकूर वाचता येत नाही. मात्र ती अक्षरे दिसली म्हणजे समोरचा मनुष्य प्रामाणिकच आहे असे नव्हे. म्हणून पैशाचे व्यवहार सार्वजनिक वायफायवर शक्यतो टाळावेत. देशोदेशीचे कायदेही निराळे असतात. चीनमध्ये आपल्या परिचयाची अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत. जेथे जावे, तेथील नियम आधी समजून घ्यावेत, हेच शहाणपणाचे.

आता कोणी विचारील, की एवढा खटाटोप करून स्वतःचाच लॅपटॉप का न्यावा? परक्या संगणकावर आपला गुप्त शब्द मागे राहण्याचे भय असते. शिवाय फ्रान्समधील कळफलकावर रोमन अक्षरांचीही जागा निराळी असते. मग देवनागरी तेथे कोठून सापडणार? आपल्या यंत्रावर आपली लिपी हाताशी असते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला स्थान मिळाले. त्यामुळे तोक्योहून लिहिलेले मराठी पत्र सातारच्या आजीला जसेच्या तसे वाचता येते.

विजेचे शोध मोठे होते. तरीही प्रत्येक देशाने आपापली पिन निराळी घडवली आणि प्रवाशाच्या पिशवीत अ‍ॅडाप्टरची भर पडली. इंटरनेटच्या कर्त्यांनी समान नियम प्रथम ठरवले आणि जग जवळ आले. शोध लावायला बुद्धी लागते. तो सर्वांच्या उपयोगी पडावा, यासाठी एकमेकांशी जुळवून घेण्याची वृत्तीही लागते.

अभ्यास

१. चार्जरवरील मजकूर प्रवासापूर्वी का वाचावा?
२. वायफायची खूण दिसूनही पान उघडत नसेल, तर काय करावे?
३. ‘जो रस्ता सर्वांना खुला असतो, त्यावर साधूही चालतो आणि भामटाही.’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : डोळे लावून बसणे, अंगीकारणे, ध्यानात ठेवणे.
५. घरातील एखाद्या चार्जरवरचे आकडे वहीत उतरवा व तो कोणकोणत्या देशांत चालेल ते सांगा.