जुन्या ट्रॅक्टरचे जाम झालेले इंजिन : बळापेक्षा धीर मोलाचा

मुंबईच्या उपनगरांत आज शेती अपवादानेच दृष्टीस पडते. तथापि महाराष्ट्रातील शेतीच्या यांत्रिकीकरणाचा एक महत्त्वाचा धागा याच उपनगरांशी जोडलेला आहे. १९६३ साली महिंद्र अँड महिंद्र व अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि अंधेरी-बोरिवलीच्या पट्ट्यातील कांदिवली येथे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. चार सिलिंडरचे, ३५ अश्वशक्तीचे ‘बी-२७५’ हे तेथील आरंभीच्या काळातील गाजलेले यंत्र. १९७७ साली ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. १९८५ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा व्यवसायही दुसऱ्या कंपनीकडे गेला. कंपन्यांची नावे बदलली, परंतु यंत्रे राहिली.

या पिढीतील ट्रॅक्टर अनेक ठिकाणी वापराविना उभे असतात. वर्ष-दोन वर्षांनी कोणी ते चालू करू पाहतो आणि इंजिन तसूभरही फिरत नाही. अशा वेळी दोनच मार्ग सुचतात. एक, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून इंजिन बळजबरीने फिरविणे. दुसरा, यंत्र भंगारात काढणे. हे दोन्ही मार्ग बहुधा घाईचे ठरतात. केवळ गंजाने अडकलेले इंजिन पुष्कळदा तेल, वेळ आणि थोडीशी हालचाल एवढ्यावर सुटते. सुटू शकणारे इंजिन कायमचे निकामी होते ते मात्र बहुधा अवास्तव जोरामुळे.

कारणाचा शोध

इंजिन जाम होण्याची कारणे वेगवेगळी असतात व उपाय कारणावर अवलंबून असतो. पहिले कारण गंज. उभ्या सायलेन्सरचे तोंड उघडे राहिले की पावसाचे पाणी आत उतरते. चार सिलिंडरच्या इंजिनात ते कोणत्याही स्थितीत थांबले तरी कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतोच. पाणी नेमके तेथे जाते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर ही दोन्ही बिडाची असल्यामुळे गंजाने एकमेकांना चिकटतात. म्हणूनच अशा इंजिनात सर्व पिस्टन नव्हे, तर एखाद-दुसराच पिस्टन अडकलेला असतो.

दुसरे कारण उष्णता. रेडिएटरमधील पाणी संपले असता पिस्टन सिलिंडरला घासून धरतो, कारण पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. तिसरे कारण तेलाचा अभाव. यात क्रँकशाफ्टची बेअरिंगे धरतात. चालता चालता बंद पडलेले इंजिन या दोन प्रकारांत मोडते. ते नुसते सोडवून भागत नाही, उघडून तपासावेच लागते. चौथे कारण म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेले पाणी वा डिझेल. द्रवपदार्थ दाबला जात नाही आणि पिस्टन वर येऊ शकत नाही.

कित्येकदा इंजिन जाम झालेलेच नसते. गिअर अडकलेला असतो, स्टार्टरचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांत रुतलेले असतात किंवा डिझेल पंप धरलेला असतो. म्हणून प्रथम गिअर व पी. टी. ओ. सोडवावा, स्टार्टर काढून पाहावा आणि मगच पुढचा निष्कर्ष काढावा.

तेल आणि प्रतीक्षा

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. इंजिनाच्या तळाचा नट हळूहळू सैल करावा. तेलाआधी पाणी बाहेर आले किंवा तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत गेले असे समजावे व सर्व तेल काढून टाकावे.

त्यानंतर नोझल काढावेत. डिझेलच्या नळ्यांची तोंडे स्वच्छ कापडाने बांधावीत, कारण धुळीचा बारीक कणही डिझेल पंपाला घातक असतो. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास ते ओढून घ्यावे. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व पातळ इंजिन ऑइल यांचे समभाग मिश्रण अर्धा-पाऊण कप ओतावे. काही मेकॅनिक अ‍ॅसिटोन व गिअरबॉक्ससाठी मिळणारे पातळ ए. टी. एफ. तेल यांचे मिश्रण वापरतात. ते अधिक झिरपते, परंतु अ‍ॅसिटोन फार ज्वालाग्राही असल्याने ते उघड्या हवेत आणि आगीपासून दूरच वापरावे. पेट्रोल मात्र कोणत्याही परिस्थितीत ओतू नये.

आता प्रतीक्षा करावयाची. मिश्रण रोज थोडे थोडे ओतीत राहावे. एका दिवसात इंजिन सुटले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. आठवडा, प्रसंगी दोन-तीन आठवडेही लागतात. या काळात वरचे झाकण काढून व्हॉल्व्ह तपासावेत. व्हॉल्व्ह अडकलेला असताना इंजिन फिरविल्यास पुशरॉड वाकतो. शंका असल्यास पुशरॉड काढून क्रमवार ठेवावेत.

हालचाल : आधी अगदी थोडी

फ्लायव्हीलच्या दात्यांवर खडूची खूण करावी. नंतर क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटावर लांब पाना लावून सौम्य, स्थिर दाब द्यावा. उलट दिशेने फिरविताना तो नटच सैल होत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. खूण एक दाता जरी सरकली तरी अर्धे काम झाले असे समजावे. मात्र त्याच दिशेने पुढे रेटू नये. मागे आणावे, तेल घालावे, पुन्हा पुढे न्यावे. या पुढे-मागे करण्याने गंजाचा चुरा रिंगांमधून मोकळा होतो. एकाच दिशेने रेटल्यास तोच चुरा पाचरीसारखा अडकतो व रिंग तुटते.

ट्रॅक्टर ओढण्याची पद्धत याच कारणाने घातक आहे. चाकावर आलेला जोर गिअरबॉक्समधून इंजिनापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याचे प्रमाण कोणाच्याच हाती राहत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, गिअरचे दाते तुटतात, आणि काही तेलाने भागले असते तेथे संपूर्ण इंजिन बांधण्याची वेळ येते.

पुरेशा प्रतीक्षेनंतरही इंजिन हलले नाही तर हेड उतरवावे. कोणता सिलिंडर गंजला आहे हे आता डोळ्यांनी दिसते. पिस्टनच्या वरच्या भिंतीवरील गंज बारीक पॉलिश कागदाने साफ करावा, मग पिस्टनवर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला व चौथा पिस्टन एकत्र आणि दुसरा व तिसरा एकत्र वर-खाली होतात. ठोके द्यावयाचे ते मधल्या उंचीवर असलेल्या पिस्टनवर. अगदी वर किंवा अगदी खाली असलेल्या पिस्टनचा रॉड सरळ उभा असतो. तेथील ठोका क्रँकशाफ्ट फिरवीत नाही, बेअरिंगला मारतो. सिलिंडरला खोल खड्डे पडलेले आढळल्यास नवीन स्लीव्ह बसविण्यावाचून गत्यंतर नाही.

पुन्हा चालू करताना

इंजिन सुटल्यावर नोझल न लावता ते हाताने अनेक वेळा पूर्ण फिरवावे. नवीन तेल व फिल्टर घालावा. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावे, म्हणजे सिलिंडरमधील उरलेले मिश्रण बाहेर फेकले जाईल. त्या वेळी नोझलच्या छिद्रांसमोर कोणीही उभे राहू नये. मिश्रण आत राहिल्यास दोन धोके संभवतात. द्रव दाबला न गेल्याने रॉड वाकू शकतो, किंवा तेच तेल जाळीत इंजिन बेफाम वेग घेते व डिझेल बंद करूनही थांबत नाही. यासाठी हवेचे तोंड झाकण्यास सपाट फळी जवळ ठेवावी. हात कधीही लावू नये. आरंभी धूर येईल. तेलाचा दाब दिसला नाही तर इंजिन तात्काळ बंद करावे. काही तास चालल्यावर तेल पुन्हा बदलावे. काढलेले तेल ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

पुराचे पाणी आणि सार्वजनिक जबाबदारी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुराने हेच संकट शेतीच्या भागात आणले. बुडालेले इंजिन पाणी ओसरताच चालू करून पाहणे ही सर्वांत मोठी चूक होय. आधी पाणी व तेल काढून, नोझल उतरवून सिलिंडरमध्ये तेल घातले पाहिजे. हे काम पहिल्या दोन-तीन दिवसांत झाले तर इंजिन गंजण्यापूर्वीच वाचते. पूरग्रस्त गावातील पंचायतीने ही सूचना चावडीवर लावली, तरी अनेक शेतकऱ्यांचा मोठा खर्च टळेल.

संस्थेच्या आवारातील बंद ट्रॅक्टर निर्लेखित करण्याचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी तो गंजाने अडकला आहे की तापून, एवढी तपासणी जाणकाराकडून अवश्य करून घ्यावी. कृषी विद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना तर असे इंजिन म्हणजे उत्तम पाठ आहे. धातूचे प्रसरण, गंज, तरफ आणि द्रवाचा दाब ही सारी प्रकरणे त्यात एकत्र सापडतात.

प्रतिबंध मात्र याहून सोपा आहे. ट्रॅक्टर छपराखाली ठेवावा, सायलेन्सरवर डबा उपडा घालावा, महिन्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे. दीर्घकाळ उभा ठेवावयाचा असेल तर सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून इंजिन हाताने फिरवावे. पावसाळ्यापूर्वी एवढी काळजी घेतली, तर शेतकऱ्याचे भांडवल गंजाच्या तोंडी जाणार नाही.