भंडारदऱ्याच्या वाटेवर पाणी ओळखायला शिका

जुलैतल्या शनिवारी घोटीच्या फाट्यापासूनच गाड्यांची रांग लागते. मुंबई, पुणे, नाशिक, तिन्हीकडची माणसं भंडारदऱ्याला निघालेली असतात. ओढ लागावी असाच हा मुलूख आहे. एका बाजूला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, समोर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्यामागे दूरवर पसरलेला आर्थर लेक. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावं जोडत जातो आणि पावसाळ्यात वळणावळणावर कड्यावरून धार कोसळत असते. कोणीही गाडी थांबवून खाली उतरतोच.

उतरावंही. पण पाण्याजवळ जाण्याआधी एक गोष्ट मनात पक्की हवी. या भागातला ओढा डोक्यावरच्या आभाळावर चालत नाही, तो वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसावर चालतो. घाटघर आणि रतनवाडी सह्याद्रीच्या अगदी धारेवर आहेत. तिथे काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, तर त्याच तालुक्यातलं अकोले पर्जन्यछायेत येतं. एकाच तालुक्यात एवढा फरक पडतो. म्हणूनच खाली ऊन पडलेलं असताना वरून लोंढा येऊ शकतो.

रतनवाडीच्या पुढे एका फरशी पुलावर हे जवळून पाहिलं. पाऊस थांबला होता, फरशीवरून वीतभर नितळ पाणी वाहत होतं. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाची मुलं त्यात खेळत होती. गुरं घेऊन निघालेले एक आजोबा काठावर थांबले. त्यांनी हाताएवढा एक दगड पाण्याच्या कडेला ठेवला आणि त्याकडे बघत उभे राहिले. काही वेळाने पाण्याचा रंग चहासारखा झाला, त्यात वाळलेली पानं आणि काटक्या आल्या. दगड बुडाला. "पोरांना घ्या वर, ताई. वर जोराचा झालाय," एवढंच ते बोलले. आईने दोन्ही मुलांना हाताला धरून बाहेर काढलं. त्यानंतर पाणी फरशीवर गुडघ्याच्या वर चढायला फार वेळ लागला नाही. पलीकडे जायला निघालेल्या गाड्या, आमचीही, अलीकडेच थांबल्या आणि आजोबा गुरं घेऊन मागे वळले.

त्या दगडाची युक्ती प्रत्येकाने घ्यावी. पाण्याजवळ थांबायचं असेल तर आधी काठावर खूण करावी आणि अधूनमधून तिच्याकडे नजर टाकावी. नितळ पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहून येऊ लागला किंवा वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, तर चप्पल, डबा, फोटो सगळं सोडून उंचावर यावं. ओढ्याच्या काठाने खाली पळू नये. बाजूचा चढ चढावा.

लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण अशाच अचानक वाढलेल्या प्रवाहात वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरूनही त्यांना तग धरता आला नाही. वेगाने वाहणारं घोटाभर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाऊ शकते, आणि दोन फुटांत मोठ्या गाडीचाही भरवसा नाही. फरशीवरून पाणी जात असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नये. पाण्याखालची फरशी खचली असेल तर ती वरून दिसत नाही.

विल्सन धरणाच्या खालच्या बाजूचं गणित वेगळं आहे. रंधा धबधबा प्रवरेच्या पात्रातच आहे आणि धरणातून पाणी सोडलं की एरवी उघडे असणारे खडकही पाण्याखाली जातात. अंब्रेला फॉलचा छत्रीसारखा पडदाही धरणातून सोडलेल्या पाण्याचाच. त्यामुळे निघण्यापूर्वी विसर्ग सुरू आहे का, हे शेंडीत विचारून घ्यावं. रंध्याचा कठडा ओलांडून शेवाळलेल्या कातळावर फोटोसाठी जाणाऱ्यांना मागे बोलवायला संकोच करू नये.

गर्दीही धोकाच. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. साकव किंवा पुलावर माणसं दाटली असतील तर काठावरूनच नदी बघावी. जिल्हा प्रशासनाने एखादं ठिकाण बंद ठेवलं असेल, तर गावातल्या पोराला पैसे देऊन आडवाट शोधू नये. पावसाळ्यात सांदण दरीतही उतरू नये. दोन उभ्या भिंतींमध्ये पाणी आलं तर वर चढायला जागाच नाही.

मग फिरायचं कसं? शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडावा. घोटीत टाकी भरावी, रोख पैसे जवळ ठेवावेत. वळसा सकाळी लवकर सुरू करावा, म्हणजे रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचं कोरीव काम निवांत बघता येतं. घाटघरच्या कड्यावर धुकं दाटलं असेल तर कठड्यापासून दूर राहावं, गाडीचे दिवे लावून हळू चालवावं. जेवण आधी सांगून ठेवलं तर वाडीतल्या घरी गरम भाकरी, पिठलं आणि तिथल्याच खाचरातला भात मिळतो. त्या खाचरांच्या बांधावर गाडी चढवू नये, लावणीचे दिवस असतात.

अडचण आली तर ११२ आणि १०८ हे क्रमांक आहेत, पण डोंगराआड मोबाइलची रेंज भरवशाची नाही. म्हणून जिथे मुक्काम आहे त्या घरी कुठून कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे सांगूनच निघावं. वेळ टळली तर वाटेतल्या कोणत्या वाडीत चौकशी करायची, हे त्यांना माहीत असतं.