वाट खुली आहे का?

(संगणकांचे संदेश योग्य वाटेने पाठवणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. दूरवर वाट बंद झाली, तर ते राउटरला कसे कळते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

समजा, तालुक्याच्या गावी एक रुग्णालय आहे. तेथील एक्स-रेची चित्रे शहरातील डॉक्टरांकडे संगणकाने पाठवतात. ती कोणत्या वाटेने जावीत, हे राउटर ठरवतो. तो जणू चौकातला वाहतूक पोलीसच! रुग्णालयाकडे दोन वाटा आहेत. एक नेहमीची व दुसरी अडचणीच्या वेळची.

राउटरला जोडलेली तार तुटली, तर त्याला लगेच समजते. पण बिघाड वीस किलोमीटर दूर झाला तर? जवळची तार शाबूत असते. हिरवा दिवाही लागलेला असतो. राउटर संदेश पाठवतच राहतो आणि ते मध्येच नाहीसे होतात. इकडे रुग्ण वेदनेने तळमळतो, तिकडे डॉक्टर चित्राची वाट पाहतात. पुढचा पूल वाहून गेला, तरी पोलिसाने गाड्या त्याच रस्त्याने सोडाव्यात, तसे हे झाले!

यावर उपाय म्हणजे राउटरने दूरच्या संगणकाला हाक मारून पाहणे. या हाकेला 'पिंग' म्हणतात. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी १९८३ साली 'पिंग' हा कार्यक्रम लिहिला. समुद्रात पाणबुडी शोधताना आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या आवाजावरून हे नाव पडले.

राउटरला चार गोष्टी शिकवाव्या लागतात. पहिली, हाक शेजारच्या यंत्राला नव्हे, दूरच्या यंत्राला मारावी. दुसरी, ती नेहमीच्याच वाटेने जावी. ती दुसऱ्या वाटेने गेली, तर उत्तर येईल आणि बंद वाट खुली वाटेल. तिसरी, एका हाकेला उत्तर आले नाही, म्हणून घाई करू नये. दर दहा सेकंदांनी हाक मारावी. सलग तीनदा उत्तर आले नाही, तरच वाट बंद समजावी. चौथी, अशा वेळी नेहमीची वाट यादीतून काढून दुसरी वापरावी.

हाका मात्र चालूच ठेवाव्यात. पुन्हा सलग उत्तरे येऊ लागली, की राउटर नेहमीच्या वाटेवर परततो.

दिवा लागला म्हणजे वाट खुली असतेच, असे नाही. पलीकडून उत्तर आले, तरच खात्री पटते.

शब्दार्थ
शाबूत – न मोडलेला, चांगल्या स्थितीतला
प्रतिध्वनी – आदळून परत येणारा आवाज
सलग – एकापाठोपाठ एक
वाट पाहणे – कोणी येईपर्यंत थांबणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) राउटर कोणते काम करतो?
(आ) 'पिंग' हे नाव कशावरून पडले?
प्र. २. कारण सांगा.
हिरवा दिवा लागलेला असूनही संदेश पोहोचत नाहीत.
प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
वाट पाहणे, हाक मारणे, खात्री पटणे.