बर्फातील लेखी साक्ष

लेखी नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे आम्ही इतिहासाचे शिक्षक मानीत नाही. १८०९ च्या सुमारास झालेल्या एका प्रचंड ज्वालामुखी उद्रेकाचे स्थान आजही अज्ञात आहे. परंतु ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील बर्फाच्या खोल थरांत त्याचे गंधकाम्ल सापडले. ओझोन थराच्या उंचीवर पोहोचलेल्या गंधकवायूवर अतिनील किरणांची क्रिया होऊन गंधकाच्या समस्थानिकांचे, म्हणजे कमीअधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण विशिष्ट रीतीने बदलते. तीच खूण या बर्फात आढळली आणि पुढील दशकातील थंडीचे एक कारण उलगडले. ऐकीव गोष्ट पारखूनच स्वीकारावी, हा तथागतांचा कालामांना उपदेश. ज्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वगळला, त्या समाजाच्या मुलामुलींनी पुरावा वाचण्याचे हे शास्त्र अवश्य आत्मसात करावे.